मदतीचा हिशेब : बनगाव ते गोमा

थ्रेड 🧵

१/ १९७१च्या नोव्हेंबर महिन्यात भारतातील बहुतेक टपालावर पाच पैशांचे एक जादा तिकीट लावणे सक्तीचे झाले. नवे तिकीट छापून होईपर्यंत कुटुंबनियोजनाच्या जुन्याच तिकिटावर निर्वासितांच्या मदतीची अक्षरे उमटवण्यात आली. जुन्या पत्रांच्या गठ्ठ्यांत ही तिकिटे आजही सापडतात. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या माणसांसाठी सामान्य भारतीयाने भरलेला तो कर होता. असे किती पाच पैसे जमा झाले, हे मोजता येते. त्यातून काय साधले, कोण जगले आणि कोण दगावले, हे कसे मोजायचे? विस्थापितांना दिलेल्या तातडीच्या मदतीचे मूल्यमापन करायला जग कसे शिकले आणि कोठे अडखळले, याचा हा इतिहास.

२/ २५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी सैन्याने ढाक्यात दडपशाही सुरू केली. त्यानंतर पश्चिम बंगाल, त्रिपुरा, मेघालय आणि आसाम यांच्या सीमांवर माणसांचा लोंढा लागला. वर्षअखेरीपर्यंत भारतात आलेल्या निर्वासितांची संख्या सुमारे १ कोटीवर गेली. शाळा, देवळे, रस्त्याकडेची झाडे, सिमेंटचे मोठे नळ, जेथे आडोसा मिळाला तेथे माणसे राहिली. पुढे पावसाळा आला, पिण्याचे पाणी दूषित झाले आणि छावण्यांत कॉलरा पसरला.

३/ कॉलऱ्याने माणूस मरतो तो मुख्यतः शरीरातील पाणी आणि क्षार झपाट्याने निघून गेल्याने. त्या काळी यावरचा प्रस्थापित उपचार म्हणजे शिरेतून सलाइन. त्यासाठी निर्जंतुक बाटल्या, सुया आणि प्रशिक्षित हात लागत. सीमेवर तिन्हींचा तुटवडा होता. दुसरा मार्ग मात्र प्रयोगांत सिद्ध झालेला होता. साखर आणि मीठ योग्य प्रमाणात एकत्र दिले, तर कॉलऱ्यातही आतडे पाणी शोषून घेते, हे १९६०च्या दशकात ढाका आणि कोलकाता येथील संशोधनातून दिसून आले होते. आपल्याकडे ज्याला जलसंजीवनी म्हणतात, ते हेच. परंतु रुग्णालयातील देखरेखीशिवाय, चिखलातल्या छावणीत ते चालेल, यावर फार थोड्यांचा विश्वास होता.

४/ कोलकात्यातील जॉन्स हॉपकिन्स संशोधन केंद्रात काम करणारे बालरोगतज्ज्ञ दिलीप महालनबीस जून १९७१ मध्ये सीमेवरील बनगाव येथे पोहोचले. तेथील रुग्णालयात कॉलऱ्यासाठी दोन खोल्या आणि १६ खाटा होत्या. रुग्ण खाटांवर होते, जमिनीवर होते, बाहेर उघड्यावरही होते. सलाइनचा साठा संपत आला होता. महालनबीस यांनी निर्णय घेतला: अत्यवस्थ रुग्णांनाच शिरेतून द्रव द्यायचा, बाकी सर्वांना तोंडाने द्रावण पाजायचे.

५/ कोलकात्याच्या केंद्रात पुड्या बांधण्याचे काम सुरू झाले. एका लिटर पाण्यासाठी २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा. बनगावात ते पाण्यात मिसळून तोटी बसवलेल्या पिंपांत भरले जाई. रुग्णाची आई, भाऊ, शेजारी जो कोणी जवळ असेल, तो पेल्याने पाजत राही. घटकद्रव्यांचा खर्च लिटरमागे सुमारे ११ पैसे होता. टपालावरच्या त्या तिकिटाच्या दुपटीहून थोडा अधिक.

६/ महालनबीस यांचे आणखी एक काम फारसे चर्चिले जात नाही. त्या गर्दीतही त्यांच्या पथकाने रुग्णांच्या नोंदी ठेवल्या. त्यामुळे पुढे सांगता आले की, छावण्यांत कॉलऱ्याच्या रुग्णांपैकी सुमारे ३०% दगावत असताना या पथकाने उपचार केलेल्या तीन हजारांहून अधिक रुग्णांत हे प्रमाण ३.६% इतके खाली आले. हे निष्कर्ष १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. हा काही काटेकोर नियंत्रित प्रयोग नव्हता, म्हणून शंका घेणारेही पुष्कळ होते. तथापि ‘किती पुड्या वाटल्या’ याऐवजी ‘किती जण वाचले’ हा प्रश्न तेथे विचारला गेला आणि त्याचे उत्तर आकड्यांत देता आले.

७/ या घटनेला २३ वर्षे झाली आणि जलसंजीवनी जगभर पोहोचली. मदतसंस्थांची संख्या वाढली, विमाने आली, दूरचित्रवाणी आली. एवढे सारे हाताशी असताना कॉलऱ्याची पुढची मोठी साथ निर्वासितांच्या छावणीत आली, तर ती सहज आटोक्यात यायला हवी होती. १९९४च्या जुलैमध्ये आफ्रिकेतील गोमा येथे नेमके उलटे घडले. मदतीच्या मूल्यमापनाचा आधुनिक इतिहास तेथूनच सुरू होतो.

८/ पार्श्वभूमी थोडक्यात. ६ एप्रिल १९९४ रोजी रवांडाचे राष्ट्राध्यक्ष हाब्यारिमाना यांचे विमान पाडण्यात आले. त्यानंतरच्या सुमारे १०० दिवसांत हुतू अतिरेकी सत्ताधाऱ्यांनी घडवलेल्या वंशसंहारात लक्षावधी तुत्सी आणि त्यांच्या बाजूने उभे राहिलेले हुतू मारले गेले. वंशसंहार चालू असतानाच, २१ एप्रिल रोजी, सुरक्षा परिषदेने तेथील शांतिसेना २७० जणांवर आणण्याचा ठराव केला. अखेर तुत्सींचे प्राबल्य असलेल्या रवांडन पेट्रिऑटिक फ्रंटने देश जिंकला. पराभूत सरकार, त्याचे सैन्य आणि हत्यारे टोळीवाले सीमेपार निघाले आणि जाताना लाखो सामान्य हुतूंना सोबत घेऊन गेले.

९/ १४ जुलैपासून चार-पाच दिवसांत ५ ते ८ लाख माणसे झाईरच्या (आजचे काँगो) गोमा शहरात आणि त्याच्या परिसरात शिरली. ही भूमी न्यिरागोंगो ज्वालामुखीच्या लाव्ह्याची. संडासासाठी खड्डा खणता येत नव्हता आणि मृतांसाठी कबरही. जवळचे पाणी म्हणजे किवू सरोवर, आणि किबुंबासारख्या छावणीला तेही दूर. २० जुलैला कॉलऱ्याचे निदान निश्चित झाले आणि आठवडाभरात साथ शिखराला पोहोचली. पाठोपाठ हगवण आली. जगभरचे कॅमेरे आले, विमानांतून सामान उतरू लागले. परंतु साथीचा वेग मदतीच्या वेगाहून अधिक होता.

१०/ येथे आकडे कसे मोजले गेले, हे पाहण्यासारखे आहे. १४ जुलै ते १४ ऑगस्ट या काळात गोळा करून पुरलेल्या मृतदेहांची संख्या ४८,३४७ भरली. मृत्युदर काढण्याची पद्धत अशी: दर १०,००० लोकांमागे रोज किती मृत्यू झाले? रोजचे मृत्यू सरासरी १,५६०. लोकसंख्या ८ लाख धरली तर दर सुमारे २० येतो, ५ लाख धरली तर सुमारे ३१. रवांडात शांततेच्या काळी हा दर ०.६ च्या आसपास होता. १ च्या वर गेला की आणीबाणी मानतात. म्हणजे कोणतीही संख्या धरली तरी तो संहारच होता. मात्र छेदातली लोकसंख्या बदलली की यशापयशाचे चित्र बदलते, ही गोष्ट लक्षात ठेवावी. ती पुढे पुन्हा येणार आहे.

११/ या मृत्यूंपैकी बहुसंख्य अतिसाराच्या रोगांनी झाले, म्हणजे ज्यावर स्वस्त उपाय ठाऊक होता त्या रोगांनी. मग तो उपाय चालला का नाही? याचे एक उत्तर ढाक्याहून आले. तेथील अतिसार संशोधन केंद्राचे बांगलादेशी पथक गोम्यात गेले होते. त्यांचे निरीक्षण १९९५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. उपचारकेंद्रांत शरीरातील पाणी भरून काढण्याचा वेग फार कमी होता, जलसंजीवनीचा वापर अपुरा होता, शिरेतून दिले जाणारे काही द्रव कॉलऱ्यासाठी अयोग्य होते आणि अनेक कर्मचाऱ्यांनी तीव्र कॉलऱ्याचा रुग्ण कधी हाताळलेलाच नव्हता.

१२/ या निष्कर्षाचे गांभीर्य असे. ज्या देशाचे लोक १९७१ मध्ये छावण्यांत मदत घेत होते, त्याच देशाचे डॉक्टर आता श्रीमंत देशांच्या मदतीतील उणिवा दाखवत होते. त्यांच्याकडे अधिक साधने नव्हती. त्यांच्याकडे अनुभव होता. गोम्यातल्या मदतकर्त्यांची सदिच्छा कोणी नाकारली नाही. पण सदिच्छेने पाजलेले पाणी उशिरा आणि कमी पोहोचले, तर रुग्ण मरतोच, हे प्रथमच इतक्या स्पष्टपणे नोंदले गेले.

१३/ ‘एवढ्या प्रचंड लोंढ्यापुढे कोण काय करणार?’ हा बचाव तेव्हाही झाला. त्याला उत्तर टांझानियात होते. एप्रिल १९९४च्या अखेरीस सुमारे अडीच लाख रवांडन केवळ २४ तासांच्या आसपास रुसुमोचा पूल ओलांडून न्गारा जिल्ह्यात आले होते. तेथे गोम्यासारखा मृत्यूचा लोंढा आला नाही. शेजारच्या बुरुंडीतील आधीच्या संकटामुळे संयुक्त राष्ट्रसंघाची निर्वासित संघटना (यूएनएचसीआर) आणि रेडक्रॉस यांची माणसे आणि सामान त्या भागात आधीपासून होते. गोम्याची भूमी अधिक कठीण होती आणि लोंढाही मोठा, हे खरे. तरीही पूर्वतयारीने काय फरक पडतो, हे दाखवणारा याहून जवळचा दाखला मिळणे अवघड.

१४/ साथ ओसरली, मृत्युदर उतरला. तेथे थांबले असते, तर मदत उशिरा का होईना यशस्वी झाली, असा अहवाल लिहिता आला असता. पण पाहणी करणाऱ्यांना छावण्यांत आणखी एक गोष्ट दिसली. ज्या कुटुंबांची कर्ती बाई होती, त्यांतील मुले अधिक कुपोषित होती. धान्य येत होते, सरासरी ठीक दिसत होती. मग काहींच्या ताटात ते का पोहोचत नव्हते?

१५/ कारण शिधा वाटला जात होता तो जुन्या रवांडन राज्यव्यवस्थेच्या उतरंडीतून. जो गावी प्रमुख होता, तोच छावणीतही प्रमुख झाला, आणि त्या प्रमुखांत वंशसंहार घडवणारे होते. माणसांच्या याद्या तेच देत. याद्या फुगवल्या की वरचे धान्य त्यांच्या हाती राही. ते विकून पैसा आणि वाटून निष्ठा मिळवता येई. परत जाऊ पाहणाऱ्यांना धमक्या मिळत, काहींचे खूनही झाले. मृत्युदराच्या गणितात जो छेद होता, तोच येथे सत्तेचे साधन बनला. निर्वासित किती, हा आकडा कोण सांगतो, यावर मदत कोणाला बळ देते हे ठरत होते.

१६/ यूएनएचसीआरच्या प्रमुख सदाको ओगाता यांनी छावण्यांतून सशस्त्र लोकांना वेगळे काढण्यासाठी आंतरराष्ट्रीय दलाची मागणी लावून धरली. तसे दल कधी आले नाही. अखेरीस १९९५ मध्ये झाईरच्याच सुमारे १,५०० सैनिकांना पैसे देऊन पहाऱ्याला ठेवावे लागले. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेच्या फ्रेंच शाखेने नोव्हेंबर १९९४ मध्ये छावण्या सोडल्या. वंशसंहार करणाऱ्यांना पोसण्यात आपला हात नको, ही तिची भूमिका. इतर अनेक संस्था राहिल्या. त्यांचा प्रश्नही तितकाच खरा होता: निघून गेल्यावर त्या लाखो बायकामुलांचे काय, ज्यांनी कोणालाच मारले नव्हते? या पेचाला तेव्हा सर्वमान्य उत्तर मिळाले नाही, आजही नाही.

१७/ या साऱ्याची चौकशी व्हावी म्हणून डेन्मार्कच्या पुढाकाराने एक अभूतपूर्व उपक्रम सुरू झाला. तीसहून अधिक देणगीदार सरकारे, संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्था आणि स्वयंसेवी संघटना यांनी मिळून स्वतःच्याच कामाचे मूल्यमापन स्वतंत्र संशोधकांकडे सोपवले. मार्च १९९६ मध्ये त्याचा अहवाल चार अभ्यास आणि एक सारांशग्रंथ अशा रूपात प्रसिद्ध झाला. एकेका संस्थेने आपापले प्रगतिपुस्तक लिहिण्याची रीत तोपर्यंत होती. येथे प्रथमच साऱ्या व्यवस्थेला एकत्रितपणे तपासले गेले.

१८/ अहवालाने हिशेब मांडला. १९९४च्या एप्रिल ते डिसेंबर या काळात या संकटावर सुमारे १४० कोटी डॉलर मदत म्हणून खर्ची पडले. मैदानात दोनशेच्या आसपास स्वयंसेवी संस्था होत्या. त्यांतील अनेकांनी उत्तम काम केले, काही मात्र अननुभवी होत्या आणि कॅमेऱ्यांसमोर दिसण्यासाठी धडपडत होत्या. समन्वय दुबळा होता. परंतु सर्वांत कठोर निष्कर्ष मदतसंस्थांविषयी नव्हताच. वंशसंहाराचे इशारे मिळत असताना राजकीय आणि लष्करी पातळीवर हालचाल झाली नाही. ती उणीव नंतर धान्य, औषधे आणि तंबू पाठवून भरून काढण्याचा प्रयत्न झाला. मानवतावादी मदत ही राजकीय कृतीची जागा घेऊ शकत नाही, असे अहवालाने स्पष्ट बजावले.

१९/ त्यातून पुढे काय झाले? १९९७ मध्ये ‘स्फिअर’ प्रकल्प सुरू झाला आणि २०००मध्ये त्याची पहिली अधिकृत पुस्तिका निघाली. प्रत्येक माणसाला रोज किमान १५ लिटर पाणी, २० माणसांमागे एक संडास, रोजचे २,१०० किलोकॅलरी अन्न. असे मापदंड ठरल्याने ‘आम्ही जमेल तेवढे केले’ हे उत्तर अपुरे ठरू लागले. १९९७ मध्येच मदतसंस्थांनी अनुभवातून शिकण्यासाठी ‘अल्नाप’ हे जाळे उभे केले. १९९९ मध्ये आपत्कालीन मदतीच्या मूल्यमापनासाठी देणगीदार देशांच्या समितीने मार्गदर्शिका दिली. तिने परिणामकारकतेबरोबर व्याप्तीचाही निकष घातला: मदत सर्व गरजूंपर्यंत पोहोचली की काही गट वगळले गेले?

२०/ या मापदंडांवर टीकाही झाली आणि ती वजनदार होती. काही फ्रेंच संस्थांचे म्हणणे असे की, गोम्यातले अपयश केवळ लिटर आणि संडास यांचे नव्हते. छावण्या कोणाच्या ताब्यात होत्या, हा मूळ प्रश्न होता. १५ लिटर पाणी देऊनही ते हत्याऱ्याच्या परवानगीने मिळत असेल, तर तक्त्यात ‘पूर्ण’ अशी खूण करता येते आणि तरीही मोठे अपयश घडत असते. अहवालातील तांत्रिक धडे जगाने बऱ्यापैकी उचलले. सरकारांना अडचणीत आणणारे राजकीय धडे मागे पडले. मोजायला सोपे ते शिकले गेले, असा आक्षेप त्यामुळे घेतला जातो. तो पूर्णतः खोडता येत नाही.

२१/ अहवाल निघाल्यावर सात-आठ महिन्यांतच त्या आक्षेपाची प्रचिती आली. १९९६च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये छावण्यांवर रवांडाच्या पाठिंब्याने सशस्त्र हल्ले झाले आणि त्या उधळल्या गेल्या. सहा लाखांच्या आसपास निर्वासित काही दिवसांत रवांडाला परतले. बाकीचे पश्चिमेकडे जंगलात पळाले आणि त्यांतील कित्येक हजार मारले गेले, भुकेने आणि रोगाने मेले. यांत सैनिक होते, तशीच मुलेही होती. जो प्रश्न दोन वर्षे पाणी आणि शिधा देऊन पुढे ढकलला होता, तो शेवटी बंदुकीने सोडवला गेला. त्यातूनच काँगोतील दीर्घ युद्धांना सुरुवात झाली.

२२/ बनगाव आणि गोमा शेजारी ठेवले की मदतीच्या मूल्यमापनाचे तीन थर दिसतात. पहिला, किती दिले: टन, ट्रक, तंबू, तिकिटे. हा आकडा देणाऱ्याविषयी सांगतो. दुसरा, किती वाचले: बनगावचे ३.६% आणि गोम्याचे ४८,३४७. हा घेणाऱ्याविषयी सांगतो, आणि त्यासाठी कोणीतरी धावपळीतही वही उघडून बसावे लागते. तिसरा, त्या मदतीने कोणाचे हात बळकट झाले. हा सर्वांत अवघड, कारण त्याचे उत्तर छावणीच्या कुंपणाबाहेर शोधावे लागते.

२३/ बनगावात तिसरा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटला. डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेश स्वतंत्र झाला आणि पुढच्या काही महिन्यांत बहुसंख्य निर्वासित घरी परतले. जलसंजीवनीने त्यांना तोवर जिवंत ठेवले, परतीची वाट मात्र राजकीय निर्णयाने खुली झाली. गोम्यात ती वाट खुली करण्याची जबाबदारी कोणीच घेतली नाही. मदतीकडून तिच्या आवाक्याबाहेरचे काम अपेक्षिले गेले आणि तिच्या आवाक्यातले कामही आरंभी नीट झाले नाही. या दोन अपयशांची गल्लत करू नये. पहिले सरकारांचे आहे, दुसरे मदतकर्त्यांचे.

२४/ आज कोणत्याही पूरग्रस्त, भूकंपग्रस्त वा युद्धग्रस्त छावणीची बातमी आली की पाठवलेल्या ट्रकांची संख्या आधी कळते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यापुढे चार प्रश्न ठेवावेत. तेथे रोज दर दहा हजारांमागे किती माणसे मरत आहेत? ती लोकसंख्या कोणी मोजली? शिधा कोणाच्या हातून वाटला जातो? आणि ही माणसे घरी परत कधी आणि कशी जाणार, याचे उत्तर कोण शोधत आहे? ज्या अहवालात या चारही प्रश्नांना जागा नसते, तो अहवाल देणाऱ्याच्या समाधानासाठी लिहिलेला असतो.

(समाप्त)